सायबिणीची साय

दूधपेढीतली बाई आयांच्या दुधावरची साय काढून गालाला लावते, अशी कुजबूज एके काळी इस्पितळभर होती. गालही विरोधात साक्ष देत होते. चाळिशी उलटली तरी तुकतुकीत. शिवाय तोरा असा, की नाव पडलं सायबीण. एका नावात दोन्ही कामं भागली.

बाळाचं पोट भरून ज्यांचं दूध उरे, त्या आया ते पेढीत देत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. सायबीण गोठवून ठेवलेल्या दुधाच्या बंद बाटल्या अर्धा तास गरम पाण्यात ठेवी, उकळीच्या बरंच खाली, आणि मग बर्फाच्या पाण्यात. जंतू मरत. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसे दुधाचे थोडे गुणही जात. पण उकळलं तर फारच जातील, हे ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. दारातच, कारण आत कुणाला घेत नसे. मुख्य डॉक्टरांनाही तिने चपलांवरून परत पाठवलं होतं. अशा बाईबद्दल लोक बरं बोलले असते तर त्यांची जीभ झडली असती.

अशात वॉर्डातल्या एका मूठभर बाळाचं वजन वाढेना. आई तापाने फणफणलेली, त्यामुळे सगळी भिस्त पेढीच्या दुधावर. तपासणीत निघालं, की आलेल्या दुधात स्निग्धांश चांगला, बाळापर्यंत पोचतो कमी. वॉर्डातली सिस्टर आधीच सायबिणीच्या हात धुऊन मागे लागलेली. तिला आयतंच कोलीत मिळालं. डॉक्टरांनी तिलाच पहाऱ्याला बसवलं. काही दिसलं, तर सायबिणीची नोकरी गेली.

सिस्टर डोळे फाडून बसली. बाटल्या बंदच्या बंद तापल्या, बंदच्या बंद गार झाल्या. सायबिणीने मध्येच विचारलं, दुर्बीण मागवू का. मग बाटल्या वॉर्डात निघाल्या तशी तीही मागोमाग निघाली. म्हणे, आता माझी पाळी.

पंपाने बारीक नळीतून दूध हळूहळू बाळाच्या पोटात गेलं. सिस्टर रिकामी बाटली धुवायला नळाखाली धरून उभी राहिली. एरवी कढत पाणी असे, त्या दिवशी गिझर बिघडलेला. गार पाण्यात तिची बोटं ओशट झाली. साबणाकडे हात गेला, तोच सायबीण शांतपणे म्हणाली, "राहू द्या सिस्टर. इतके दिवस हात धुऊन मागे लागलात, आज नका धुऊ. साहेबांना दाखवायचेत."

"मला काय माहीत होतं?"

"माझे गाल बघायला डोळे होते की. बाटलीत डोकावायला नव्हते?"

पुढे बाटली हलकेच हलवून, वर तरंगणारा स्निग्धांश आधी जावा म्हणून पंपाचं तोंड वर करून दूध द्यायला लागले, आणि बाळ अंग धरू लागलं. सायबिणीचा तोरा मात्र दुप्पट झाला, आणि नाव काही सुटलं नाही.

साय कुणीच काढत नव्हतं. गोठवून, तापवून, गार केलेल्या दुधातली चरबी थोडी बाटलीला आणि थोडी नळीला चिकटत होती, आणि सिस्टर ती रोज साबणाने धुऊन टाकत होती.