परसातला वायरचा धूर

मित्रांनो, आज कामात लक्षच नाय. मी इकडं सुरतला अन् माझी सहा वर्षांची गौरी तिकडं नांदगावला आमच्या एकत्र घरात, आईजवळ, दम्यानं बेजार हाय.

सकाळी व्हिडिओ कॉल लावला तर पोरगी दम्याचा पंप तोंडाला धरून बसलेली. मागं काळा धूर. माझा मोठा भाऊ भंगाराचा धंदा करतो, घराच्या परसातच वायर जाळून तांबं काढतो.

तो मागंच उभा होता, मी म्हणलं, "दादा, डॉक्टरनं धुरापासून लांब ठेवा म्हणून सांगितलंय ना?"

"आरं, धुरानं काय होतंय? थंडी बाधली तिला. तिकडं बसून डॉक्टरकी नको शिकवू!"

मग गौरीला विचारलं, "बंटी कुठंय गं?" बंटी म्हणजे दादाचा पोरगा.

"काकांनी त्याला मामाकडं सोडलं. वायर जाळायची असली की सोडतात."

दादानं लगेच तिच्या हातातला फोन घेतला. रेंज नाय म्हणे. कट.

धुरानं काय होत नाय, तर स्वतःचं पोरगं का हलवतो? मला वाटतं, त्याला सगळं ठाऊक हाय.

मायलेकींना इकडं आणावं, तर माझ्या खोलीमागंच कारखान्याची चिमणी. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?