राफाएलला उभं राहायला जागा

देवदूताला तोंडावर झापणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती लातुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणे. माशाच्या पित्ताने एका आंधळ्या म्हाताऱ्याची नजर परत आणणारा राफाएल नावाचा देवदूत त्यांना कुण्या केरळी ननकडून कळला, आणि तेव्हापासून तो जणू त्यांच्या हाताखालचा वॉर्डबॉयच झाला. कुणाचा ताप उतरेना की छताकडे बघून ओरडायच्या, "कुठं उलथलास रे? पेशंट हितं हाय!" त्यांच्या चर्चचे पाळक एकदा म्हणाले, ही गोष्ट कॅथलिकांच्या बायबलात असते, आपल्या नाही. "तुमच्या बायबलात नसंल, माझ्या वॉर्डात हाय," म्हणून सिस्टरबाईंनी विषयच मिटवला. बायबलात येरुशलेमच्या एका तळ्याचं पाणी देवदूत ढवळायचा आणि मग पहिला उतरेल तो बरा व्हायचा, म्हणून जुलाबवाल्याचं मीठ-साखरेचं पाणीही त्या स्वतःच ढवळायच्या, चांगलं बाहेर सांडेपर्यंत.

गेल्या वर्षी आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणलं, पण तिनं जेवण सोडलं, बोलणंही. आम्ही हबकलो होतो. सिस्टरबाईंनी गोळ्या तपासल्या आणि फर्मावलं, "पलंग भिंतीपासून वढा." त्यांचं म्हणणं, यहुदी लोक झोपताना चार देवदूतांना बोलावतात, उजवीकडे मीखाएल, डावीकडे गाब्रिएल, पुढे उरिएल आणि पाठीशी राफाएल, मग त्याला उभं राहायला जागा नको? आमची खोली ती केवढी! कपाट व्हरांड्यात गेलं, शिलाई मशीन मोरीच्या दारात. तरी त्यांचं आपलं, "आणखी थोडं!"

आईनं डोळे उघडले. "देवदूत हाय का म्हैस?"

"पंख असतेत त्याला, वैनी!"

आई हसली, खोकली, आणि थोड्या वेळानं मऊ भात मागितला.

ती हिंडूफिरू लागल्यावर एका दुपारी दोघी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आईनं विचारलं, "खरं सांगा, सिस्टरबाई, दिसला का वो तुमाला कधी?"

त्यांचे हात थांबले. "न्हाई, वैनी. पण जन्मभर रातपाळी केली. समोरचं माणूस राहतंय का जातंय, कळायचं न्हाई. एकटीला लई भ्याव वाटायचं. मग त्यालाच बोलत बसायची."

 आईनं शेंगांनी भरलेलं सूप तेवढं त्यांच्याकडं सरकवलं.

आता त्या लेकीकडं नांदेडला असतात. आई रोज फोन लावते. बोलणं भाजीपाल्याचंच, पण फोन ठेवायची घाई दोघींनाही नसते.