लिननच्या ड्रेसला हळदकुंकू

रॉटरडॅममध्ये वसंत कधी येतो हे हवामान ठरवत नाही. आमच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्याच्या प्रमुख बाई ठरवतात. मार्चमधल्या एखाद्या सोमवारी त्या सांगतात, "या शनिवारपासून वसंत." बाहेर गारा पडत असल्या तरी आतले लोकरी कोट तळघरात जातात आणि पिवळे, पोपटी, फुलाफुलांचे कपडे वर येतात. गिऱ्हाईक ओल्या छत्र्या घेऊन येतं आणि बिनबाह्यांचे ड्रेस चाचपत उभं राहतं. कुणालाही यात विसंगत काही वाटत नाही.

मी याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला असते. मी चादरी विकते. चादरी, उशांचे अभ्रे, पंचे, टेबलक्लॉथ आणि भांडी पुसायची फडकी. या फडक्यांना इथे फार मान आहे. भांड्यांचं फडकं वेगळं, हाताचं वेगळं, आणि एकाचं काम दुसऱ्याने केलं तर घरात बोलाचाली होते. मी पुण्याहून आले तेव्हा माझ्याकडे एकच फडकं होतं आणि तेही जुन्या बनियनचं. आता मी लोकांना कुठलं फडकं कशाला हे समजावून सांगते, डच भाषेत, आणि ते मान हलवतात.

पुण्यात मी बँकेत होते. नवऱ्याला इथे आयटीतलं काम मिळालं आणि मी त्याच्या परवान्याला धरून आले. पुढे कितीतरी वर्षं मी इथल्या सरकारी कागदांवर नवऱ्याची 'पार्टनर' होते, मुलीच्या शाळेत आई होते आणि शेजारणीला समोशांची बाई होते. मला समोसे आवडतसुद्धा नाहीत. मग भाषा शिकले, अर्ज केले, नकार घेतले, आणि शेवटी या जुन्या दुकानाने मला चादरींपाशी उभं केलं. दोनदा तात्पुरता करार झाला. तिसऱ्या वेळी एकतर पक्की नोकरी, नाहीतर फुलांचा गुच्छ आणि शुभेच्छा, अशी इथली रीत. निर्णय वसंताच्या शनिवारनंतरच्या सोमवारी होणार होता. मला ती नोकरी हवी होती. उगाच मोठेपणा म्हणून सांगत नाही, इतकी तर मला बँकेचीही हवी नव्हती.

याच सुमाराला सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सासूबाईंना मतं नसतात, प्रश्न असतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "एवढ्या लांब येऊन चादरीच विकायच्या का गं?" उत्तराची त्यांना घाई नव्हती. प्रश्न विचारून त्या अंथरुणावरची चादर चिमटीत धरून बघत बसल्या. आमच्याच दुकानातली होती. "बरी आहे," म्हणाल्या. पुढे काही नाही.

वसंताचा शनिवार ही आमच्या दुकानाची जुनी प्रथा आहे. कॅन्टीनच्या जिन्यात काळेपांढरे फोटो लावलेत, त्यात हॅटवाल्या बायका याच मजल्यावर लांब टेबलाशी उभ्या आहेत, टेबलावर पांढरे टेबलक्लॉथ आणि मागे नव्या मोसमाचे झगे. आजही तसंच करतात. त्या दिवशी बायकांचे कपडे आणि घरातली कापडं एकत्र मांडतात, आणि आम्ही विकणाऱ्या बायका दुकानाचेच नवे ड्रेस घालून उभ्या राहतो. दिवस संपला की तो ड्रेस परत द्यायचा, कारण सोमवारपासून तो दर्शनी खिडकीतल्या पुतळीच्या अंगावर जाणार असतो. पुतळीला डाग चालत नाही. तिला दुसरं काही कामच नसतं.

माझ्या वाट्याला घोट्यापर्यंतचा, मोत्याच्या रंगाचा लिननचा ड्रेस आला होता. नक्षी नाही, काठ नाही, फक्त पुढे दोन मोठे खिसे. शुक्रवारी तो मापाला बघायला म्हणून घरी आणला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा आतून घालायचा का?"

मी तो हँगरला लावून दारावर टांगला आणि लेकीला पोहण्याच्या वर्गाहून आणायला गेले. परत आले तर दारावर नुसता हँगर होता. ड्रेस घडी घालून देवांपुढे ठेवलेला होता. आमचे देव पुस्तकांच्या कपाटाच्या मधल्या खणात बसतात.

"झालं हो तुझ्या कपड्याचं," सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"हळदकुंकू लावलं. तू तशीच घालून निघाली असतीस."

नव्या कपड्याला हळदकुंकवाचं बोट लावल्याशिवाय तो अंगावर घालायचा नाही, हे मलाही माहीत आहे. माझ्या माहेरी ते आतल्या कोपऱ्यात लावायचे, कुणाला दिसू नये असं. सासरची पद्धत देवाला लांबून दिसावं अशी आहे. मी घडी उलगडली. दोन्ही खिशांच्या बरोब्बर मध्ये एकेक ठसठशीत पिवळं बोट आणि त्यात लाल टिकली.

"पदर शोधला, नाही. काठ शोधला, नाही," त्या म्हणाल्या. "मग खिशाला लावलं. एकाच खिशाला बरं दिसलं नसतं."

पुढची चूक माझी. मी ड्रेस बाथरूममध्ये नेला आणि डागांना साबण लावला. इतकी वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईने हे करायला नको होतं. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. खळखळून धुतल्यावर लाल रंग गेला आणि पिवळा परत आला, फक्त आता तो रुपयाएवढा झाला होता.

"साबण लावलास?" दारातून सासूबाईंनी विचारलं. "हळदीला? अगं, हळद उन्हाने जाते. उन्हात टाक."

मी खिडकीबाहेर पाहिलं. रॉटरडॅम, मार्च, संध्याकाळ, पाऊस.

नवरा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होता. त्याने आवाज बंद करून सांगितलं, "खिशाकडे कोण बघतंय?" लेक म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट टू डॉट्स. आय लाइक इट." घरात सगळ्यांचं समाधान झालं होतं. माझंच तेवढं राहिलं होतं.

मग मी चिडले. लग्नाला बारा वर्षं झाली, सासूबाईंपुढे आवाज चढवला नव्हता, तो चढवला. म्हटलं, "आई, हा घरातला कपडा नाही, दुकानाचा आहे. सोमवारी माझ्या नोकरीचं ठरणार आहे. तुम्हाला ती नोकरी वाटत नसेल, मला वाटते."

या वेळी त्यांनी प्रश्नही विचारला नाही. ओट्यापाशी जाऊन निवडलेली मेथी पुन्हा निवडायला लागल्या. मला लगेच वाईट वाटलं आणि रागही गेला नाही. दोन्ही एका वेळी होऊ शकतं.

सकाळी उठले तर सासूबाई स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून बाल्कनीत उभ्या. हातात हँगर, हँगरला माझा ड्रेस. पाऊस थांबला होता. उशिरा येणाऱ्या दूधवाल्याकडे बघावं तशा त्या ढगांकडे बघत होत्या. मधूनच जरासं ऊन पडलं की खिसे तिकडे वळवत होत्या. शेजारचे आजोबा सायकल काढता काढता थांबून बघत राहिले. मी निघेपर्यंत डाग फिकट झाले होते. गेले नव्हते. त्यांनी हँगर दिला, मी घेतला.

प्रमुख बाई सहा फूट उंच आहेत आणि त्यांना वरून सगळं दिसतं. मी कपडे बदलून मजल्यावर आले, तर पहिला प्रश्न तोच.

"हे काय?"

येताना मेट्रोत मी दोन खोट्या गोष्टी तयार केल्या होत्या, एक लेकीच्या रंगपेटीची आणि एक डब्यातल्या भाजीची. ऐन वेळी डचमध्ये दोन्हींची क्रियापदं आठवेनात, म्हणून खरं सांगितलं.

"हळद. आणि कुंकू."

"जेवताना सांडली?"

"नाही. मुद्दाम लावलीय. सासूबाईंनी. आमच्याकडे नवा कपडा घालण्याआधी लावतात. घालणाऱ्याला तो लाभावा म्हणून."

"आणि लाभतो?"

"आज कळेल," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. माझ्याच शेल्फवरून एक निळा लिननचा एप्रन काढला आणि माझ्या हातात दिला. खिसे झाकले. ही गोष्ट कुणी रचून सांगितली असती, तर त्या दिवशी त्या एप्रनवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या असत्या. तसं काही झालं नाही. एकही एप्रन खपला नाही. एका बाईने मला कॅन्टीनवाली समजून कॉफी मागितली.

दुपारी काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. नातवाच्या लग्नाला टेबलक्लॉथ द्यायचा होता. आमच्याकडे पाकिटं बंद असतात आणि नमुन्याचा एक तुकडा टांगलेला असतो, तो दाखवून विकायचं असा नियम आहे. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि डोकं ठिकाणावर नसलं की माणूस माहेरच्या सवयीवर जातो. मी पाकीट फोडलं आणि टेबलक्लॉथ झटकून अख्खा टेबलावर पसरला. मग दुसरा. मग त्याच्यावर तिसरा, काठाकडची वेलबुट्टी त्यांच्या हाताखाली येईल असा. लक्ष्मी रोडवर तुम्ही एक साडी मागा, दुकानदार गादीवर वीस टाकतो, "घेऊ नका हो, बघायला काय जातंय" म्हणतो, आणि तुम्ही दोन घेऊन उतरता. तसंच झालं. बाई बराच वेळ कापडावरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, असं उलगडून त्यांना किती वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. नातवाला एक घेतला आणि स्वतःला एक. मान वर केली तर प्रमुख बाई खांबाशी उभ्या राहून फोडलेली पाकिटं मोजत होत्या. संपलं, असं मला वाटलं.

सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर फुलं आहेत का ते मी आधी पाहिलं. नव्हती.

"ड्रेस पुतळीला चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तो आता तुमचा. पाकिटं फोडायची नाहीत, नमुना असतो. आणि हा पक्का करार, सही इथे. हे तीन वेगळे मुद्दे आहेत."

इथे मुद्दे वेगळे ठेवतात. मी सही केली. बाहेर येऊन चादरींच्या मागे जाऊन रडले. आमच्या विभागात त्यासाठी हवं ते कापड मिळतं, पण मी बाहीनेच डोळे पुसले.

घरी आले तर सासूबाई पोळ्या करत होत्या. शुक्रवारपासून आमच्यात चहा हवा का आणि मीठ कुठे आहे, एवढंच बोलणं झालं होतं. लेक तिच्या खोलीत होती, नवरा अजून यायचा होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, नोकरी पक्की झाली."

त्यांनी पोळी उलटली. "रुजू कधी व्हायचंय?"

"रुजू आहेच की मी. दीड वर्षं जातेय."

"तरी. पक्की म्हणजे तारीख असेल."

"एक एप्रिल."

"हं," त्या म्हणाल्या. "माझं जूनमध्ये होतं. शाळा उघडली की."

मला काही कळेना. या घरात येऊन मला बारा वर्षं झाली, सासूबाईंना कधी काळी नोकरी लागली होती असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. नंतर नवऱ्याला विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं.

"कुठली शाळा?"

"कन्याशाळा. मराठी आणि शिवण. डी.एड. झालं होतं ना माझं. नेमणूक झाली होती."

"मग?"

"मग मे महिन्यात लग्न झालं."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये लोणचं घातलं."

मला हसू आलं, आणि हसले नसते तर बरं झालं असतं, असं लगेच वाटलं. पण त्यांना ते लागलं नसावं. त्या पुढची पोळी लाटत होत्या.

"पहिल्या दिवशी नेसायला साडी घेऊन ठेवली होती," त्या म्हणाल्या. "पांढरी, बारीक निळे ठिपके. मास्तरीणबाईला शोभेल अशी. सासरी येताना ट्रंकेत घालून आणली. हळदकुंकू तेवढं लावायचं राहिलं होतं. म्हटलं, जायच्या दिवशी सकाळी लावू."

मी पर्स खुर्चीवर ठेवली. विचारलं, "कुठे आहे ती साडी?"

"नणंदेचा कॉलेजात काहीतरी कार्यक्रम होता. ती म्हणाली, वहिनी, मी मोडते घडी." त्यांनी तव्यावरची पोळी काढली, तूप लावलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "मोडली तिनं."