पाण्याचा उजवा हात

फोनवर काशिनाथचं नाव आलं तेव्हा मी चहा पीत होतो. नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. वाजून वाजून बंद झाला, परत वाजला. म्हटलं, वर्ष झालं तरी या माणसाला कळत नाही का! झाडायलाच उचलला. पलीकडून त्याचा पोरगा रमेश. "काका, बाबा गेले सकाळी." मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला.

ओझरच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. तो सुरगाण्याच्या डोंगरातला, मी देवळ्याकडचा, कांद्याच्या मुलखातला. तो सातवी, मी जेमतेम दुसरी. फळ्यावर नोटीस लागली की काशिनाथ माझ्या शेजारी उभा राहून पुटपुटत वाचायचा, जसं काही स्वतःसाठीच. मला वाचता येत नव्हतं हे त्याच्याशिवाय कारखान्यात कोणाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं नोकरीतच मी अक्षर गिरवून गिरवून शिकलो, पण तेव्हाचं ते पुटपुटणं मी कधी बोलून दाखवलं नाही आणि त्यानंही नाही.

दर वर्षी पाऊस ओसरला की दोन्ही घरची माणसं जीपमध्ये कोंबून त्याच्या गावी जायचो. गावामागच्या रानातून ओहळाच्या काठानं डोहापर्यंत चालायचं, पोरांनी पाण्यात खेकडे हुडकायचे, नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी खायची, परत यायचं. आधी आमची पोरं होती, मग नातवंडं आली. सगळ्यांच्या पुढं मी. रान त्याचं आणि वाट मी दाखवायची! तो म्हणायचा, "होऊ द्या पाटील पुढं. वाघ आला तर आधी पाटलाला खाईल, आम्ही पळू." पोरं खिदळायची.

गेल्या वर्षी डोहावर गाड्याच गाड्या, गाण्यांचा कल्ला. काशिनाथ म्हणाला, "वर दुसरा डोह हाय, तिथं कोणी नसतं. ओहळ दोन होतो ना, तिथून उजव्या हाताला." मी उजवीकडं निघालो. तासभर नुसते धोंडे आणि काटेरी जाळ्या, आणि शेवटी उभा कडा. माझी सहा वर्षांची नात रडायला लागली. सूनबाई म्हणाली, "बाबा, पुरे आता." पोरांना सांभाळत बराच मागं राहिलेला काशिनाथ आला, कडा बघितला आणि पोट धरून हसला. "अरे पाटील! उजवा म्हणजे पाण्याचा उजवा. आपण वर चाललो, पाणी खाली चाललंय. त्याचा उजवा तो आपला डावा."

आमच्याकडं उजवा हात माणसाला असतो, पाण्याला नाही. सगळे हसले. रडता रडता नातही हसली, तेच मला लागलं. मी त्याच्याजवळ गेलो आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोललो, "जंगली ते जंगलीच राहिले. हातसुद्धा कळत नाय तुम्हाला."

त्याचं हसू उतरलं. कारखान्यातल्या फळ्याची गोष्ट तो तिथंच काढू शकला असता, सगळ्यांसमोर. नाही काढली. नातीला खांद्यावर घेतलं आणि उतरायला लागला.

नंतर दिवाळीला त्याचा फोन आला, संक्रांतीला आला. चूक माझी, फोन त्याचा. उचलला असता तर काय बोलावं लागेल ते मला माहीत होतं, म्हणून नाही उचलला.

दहाव्याला गेलो, माणसांत बसलो, तसाच आलो. महिन्याभरानं त्याच्या बायकोचा, मंजुळावहिनींचा निरोप आला, "नातवंडं आलीत. ह्यांनी नेलंच असतं. भाऊजी, तुम्ही चला." गेलो. ओसरीवर त्या भाकरी बांधत होत्या. म्हटलं, "वहिनी, गेल्या वर्षी मी त्याला लय वाईट बोललो."

"घरी तर काही बोलले नाहीत. काय बोललात?"

वर्षभर गिळलेला शब्द त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर मला पुन्हा उच्चारावा लागला. वहिनींचे हात थांबले. माझ्याकडं बघितलं नाही. गाठ मारली, गाठोडं उचललं आणि म्हणाल्या, "चला. पोरं पुढं गेलीत."

माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क नव्हता.

त्या दिवशी मी पुढं गेलो नाही. रमेश म्हणाला, "काका, तुमची जागा पुढं." मी म्हटलं, "जा तू." आणि सगळ्यांच्या शेवटी चाललो, जिथं काशिनाथ चालायचा. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. कोण लंगडतंय, कोणाचं ओझं जड झालंय, कोणतं पोर पाण्याकडं सरकतंय, सगळं दिसतं. त्याला इथून सगळ्यांच्या पुढं माझी पाठ दिसत असणार, ताठ. एवढी वर्षं तो ती बघत चालला, आणि मी एकदाही मागं वळलो नव्हतो.

त्या दिवशी वळलो. मागं नुसतं रान होतं.