बोअरमधला पाना

चाळीसगावजवळच्या मळ्यात काकांच्या बोअरमधून पंप बाहेर काढला आणि मेकॅनिकच्या हातून लोखंडी पाना आत पडला. तो तसाच राहिला तर पंप पुन्हा उतरवताना अडकणार, बोअर कायमची जाणार, आणि केळीला दुसरं पाणी नव्हतं. मेकॅनिकने दोरीला लोहचुंबक बांधलं. वरच्या लोखंडी पाइपला ते चिकटू नये म्हणून कडेने सायकलची ट्यूब गुंडाळली. आरशाने आत ऊन पाडायचं काम माझ्याकडे आलं.

“शहरनी पोर शे, तिना हातमा बठ्ठा दिन आरसाच ऱ्हास,” मेकॅनिक म्हणाला.

दिवसभर माझ्या हातात आरसाच असतो, असं तो म्हणत होता. मला अहिराणी कळते, बोलता येत नाही. मी आरसा उन्हाकडे वळवला.

बऱ्याच वेळाने खाली काहीतरी टक्कन लागलं. काका दोरी हळूहळू ओढू लागले. ऊन सरकेल तसा मी आरसा फिरवत होते. पाना एका टोकाने लोंबत वर आला. बोअरच्या तोंडापासून हातभर खाली त्याचं मोकळं टोक पाइपला चिकटलं आणि दुसरं चुंबकावरून सरकू लागलं. काकांचं लक्ष दोरीकडे होतं.

“काका, थांबा!”

एवढ्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. आरसा टाकून मी चिखलात आडवी झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आधी रबर लागलं, मग गार लोखंड. पाना मुठीत धरून मी हात बाहेर काढला.

“आते सोड, मना पाना शे तो,” मेकॅनिक हसत म्हणाला. पाना त्याचाच होता, पण माझी मूठ उघडेना. काका तोवर पंपाकडे वळले होते.