केशरी अस्तर

थंडी सरून ऊन तापू लागलं, की आमच्या तळमजल्यावरच्या काकू एक जाकीट काढून अंगणातल्या दोरीवर घालतात. काका हवाई दलात होते, त्यांचं ते. बाहेरून मळकट हिरवं आणि जेमतेम कमरेपर्यंतचं, कारण ते विमानात बसून राहणाऱ्या माणसासाठी बेतलेलं. पूर्वी अशा जाकिटांना लोकरी कॉलर असायची. ती पॅराशूटच्या पट्ट्यांना आड यायची, म्हणून गेली. अस्तरही आधी हिरवटच असे. मग कुणाच्या तरी मनात आलं, की विमान पडलं आणि माणूस जगला, तर त्याने जाकीट उलटं करून घालावं, शोधणाऱ्यांना ते वरून दिसावं. म्हणून अस्तर भडक केशरी झालं.

आपण मुलांचे कपडे शिवताना त्यांचं वाढणं जमेस धरतो. माणसाचं पडणं त्या कुणीतरी जमेस धरलं होतं.

काकांचं विमान डोंगरांत गेलं, ते सापडलंच नाही. हे जुनं जाकीट तेवढं घरी राहिलं.

रंग उडू नये म्हणून आपण कपडे उलटे करून वाळत घालतो. काकू हेही उलटंच घालतात, आणि इथे नेमकी उलटी बाजूच रंगाची. काल मी गॅलरीतून म्हटलं, "काकू, सुलट घाला ना. केशरी पार विटलंय."

"विटू दे," मान वर न करता त्या म्हणाल्या. "वरून दिसतंय ना अजून?"

मी तिसऱ्या मजल्यावर उभी होते.

"दिसतंय," म्हटलं.