तुपाविना दिवाळसण

धाकट्या बहिणीचा दिवाळसण आमच्या वेल्ह्याकडच्या वाडीत झाला, त्या वर्षी घरात तुपाचा थेंब नव्हता. त्या जेवणाची आखणी मी केली. चांगली केली, असे आजही म्हणतो.

पावसाळा सरताना गुरांत लाळ-खुरकत शिरली. रोग ओसरेपर्यंत साठवणीचे तूप गाईंच्या फाटलेल्या खुरांना लावून संपले आणि दूध आटले. वडिलांनी ठरवले, उतरेल ते दूध वासरांचे. ती सावरेपर्यंत दूध, दही, ताक, तूप, काहीही आमच्या ताटात येणार नाही. शेजारी तूप देऊ करीत होते. वडील म्हणाले, "त्यांच्या गाईलाबी वासरू हायच की."

व्याह्यांना कारण सांगण्यासही त्यांनी मनाई केली. सबब सांगणे त्यांना हात पसरण्यासारखे वाटे. मात्र जावयाला पहिल्याच सणाला कोरडी पोळी वाढली, तर बोल बहिणीला ऐकावे लागणार होते.

पत्नी म्हणाली, "गुरं पाळनाऱ्याच्या घरी तूप न्हाई म्हनल्यावर विहीणबाई त्यांचं वरवं गाव गाठंपातुर बोलत जातील."

"तोंड रिकामं राहिलं तर," मी म्हणालो.

भोरच्या बाजारातून मी नारळ आणले. त्यांच्या दुधात गूळ आणि भाजलेल्या तिळाचे कूट घालून गुळवणी करायची ठरली. भाताला घरचा आंबेमोहर, भरल्या वांग्यांना कारळ्यांचे कूट, शिवाय कटाची आमटी आणि कुरडया. अडचण पुरणपोळीची होती. आदल्या दिवशी तुपाशिवाय करून पाहिली, ती फाटली. तेव्हा पत्नीने कणीक सैल भिजवली, पुष्कळ तिंबली आणि तेलात बुडवून ठेवली. पाडव्याला पोळी तव्याएवढी लाटली गेली आणि कोठेही उकलली नाही.

व्याही, विहीणबाई आणि जावई पानावर बसले. बहीण वाढत होती. पोळीवर गुळवणी पडली, पण तूप येईना. विहीणबाईंनी थोडी वाट पाहिली आणि पिशवीतून पितळी गडू काढला. सुनेच्या माहेरच्यांसाठी त्यांनी तूप आणले होते.

"घाईत इसरलं आसंल तुमचं," त्या हसून म्हणाल्या. "ह्यातलं वाढ."

वडिलांची मनाई आठवून मी कुरडया वाढायला घेतल्या. गडू घ्यायला बहिणीने हात पुढे केला नाही. ती सासूला म्हणाली,

"आत्याबाई, औंदा हितं तूप ताटात घ्येत न्हाईत. रोगानं गाई आटल्या. दूध वासरांचं हाय."

व्याह्यांचा हात थांबला. त्यांनी वडिलांकडे पाहिले. "वासरं किती?"

"सात."

"वाचली किती?"

"सात."

व्याह्यांनी वाटी पुढे केली. "गुळवनी वाढ, पोरी."

"आन मी ह्या तुपाचं काय करू?" विहीणबाई म्हणाल्या. "डोक्याला चोपडू?"

"खुरांना चालंल," वडील म्हणाले. कोणाचे काही घेताना मी त्यांना तेव्हाच पाहिले.

जावयाने चौथी पोळी मागितली, तेव्हा पत्नीने चुलीपासून माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. आमच्यात तेवढे पुरे असे.

जेवणानंतर दोघे व्याही गोठ्यात उकिडवे बसून गाईंचे खूर चोपडत होते. परतताना बहिणीने रिकामा गडू राखेने घासला आणि सासूच्या पुढे चालत तो स्वतः नेला.